ब्रेक लागत होते

नवीन पनवेल,
६ फेब्रुवारी १९८९

मास्तर,

सुदाम घरतचा नमस्कार. ओळख पटेल असं धरून चालतो. तुम्ही निवृत्त होण्याआधी शिकवलेल्या शेवटच्या तुकडीतला मी, गव्हाणचा. पहिल्याच दिवशी रिव्हर्स घेताना तुमचा चहाचा स्टोव्ह चाकाखाली घातला होता, तो. पत्ता डेपोतल्या क्लार्कने शोधून दिला.

एक प्रसंग घडला, तो तुमच्या कानावर घालावा आणि थोडं विचारावं म्हणून लिहितो. गेल्या आठवड्यात स्वारगेट-पनवेल गाडी घेऊन घाट उतरत होतो. गाडी भरलेली, उभेही लोक होते. खंडाळा सोडून खाली आलो आणि शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडे ब्रेक गेले. डोंगराच्या बाजूला घेऊन गाडी कशीबशी थांबवली. कोणाला खरचटलंही नाही. लोक उतरले, काही रडले. एका म्हातारीने माझे हात धरून स्वतःच्या कपाळाला लावले. गणू कंडक्टर तर डेपोभर सांगत सुटला आहे की सुदामने गाडीभर माणसं वाचवली. मॅनेजरसाहेबांनी महिन्याच्या शेवटी सत्कार ठेवला आहे.

गाडी वर्कशॉपमध्ये उघडली तेव्हा मागच्या एका चाकाचे ब्रेक-लायनर झिजलेले निघाले. त्या सकाळी गाडी तपासून सही केली होती कमळाकर भोईरने. त्याला सस्पेंड केलं आहे. तो माझ्याच गावचा, आमच्या गावच्या घरापासून दोन घरं सोडून राहतो.

विचारायचं ते असं, की ब्रेक एकदा गेले तर थोड्या वेळाने परत लागू शकतात का? कारण तिथून पुढे गाडी खोपोलीला नेणारा ड्रायव्हर म्हणाला, मला तर लागतायत. चौकशीत मला हे विचारतील. तुम्ही सांगाल तसं लिहून देईन.

बाकी ठीक. हाताला थोडा कंप राहिला आहे. दगदगीने असेल.

तुमचा,
सुदाम


सावर्डे, ता. चिपळूण,
१५ फेब्रुवारी १९८९

चि. सुदाम यास आशीर्वाद.

स्टोव्ह विसरलेलो नाही. तुझं पत्र शांतीला, म्हणजे आमच्या मंडळींना, वाचून दाखवलं. तिने देवापुढे साखर ठेवली. मलाही अभिमान वाटला, तो लपवत नाही.

आता तुझा प्रश्न. ब्रेक जाऊन परत लागतात. उतारावर गाडी वरच्या गिअरमध्ये सोडून पाय ब्रेकवरच ठेवला की लायनर तापतात आणि पॅडल दाबूनही पकड बसत नाही. गाडी उभी राहून गार झाली की पुन्हा पकडतात. पण असं झालं असेल तर दोष मेकॅनिकचा नव्हे, ड्रायव्हरचा. तेव्हा आधी मला सांग, तू कितव्या गिअरमध्ये होतास? मी तुम्हाला तो घाट दुसऱ्यात उतरायला शिकवलं होतं. तू तिसऱ्यात असशील तर साहेबांना तसं सांगून टाक आणि त्या भोईरला सोडव. सत्कार गेला तर गेला.

हाताच्या कंपाचं मनावर घेऊ नकोस. गरम दूध पी, झोप काढ. घाटाला घाबरायचं नसतं. एवढा धडधाकट गडी तू.

तुझा,
विश्राम खेडेकर


नवीन पनवेल,
२२ मार्च १९८९

मास्तर,

उत्तराला उशीर झाला. गाडी दुसऱ्या गिअरमध्येच होती. तुमची शिकवण मोडली नाही.

सत्कार झाला. शाल दिली, नारळ दिला. साहेब बोलले, मग मला बोलायला सांगितलं. मी नुसते हात जोडले. लोकांना वाटलं, साधा माणूस आहे. टाळ्या जास्तच वाजल्या. रूपाने, माझ्या बायकोने, ती शाल गव्हाणला नेऊन सगळ्यांना दाखवली.

त्यानंतर मी घाटाची ड्युटी बदलून घेतली. साहेबांनी लगेच दिली, म्हणाले एवढ्या प्रसंगानंतर विश्रांती हवीच. आता उरणची गाडी चालवतो, कंडक्टर गणूच आहे. पण मास्तर, उरणचा रस्ता सपाट. तिथेही परवा गव्हाण फाट्याच्या पुढे तेच झालं. तोंडाला कोरड पडली. हात इतके ओले झाले की स्टिअरिंग निसटायला लागलं. छातीत अशी धडधड, की मागच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जाईल असं वाटलं. बोटांना मुंग्या आल्या. रस्ता लांब लांब जातोय असं दिसू लागलं आणि मनात एकच, आता मी मरणार आणि या सगळ्यांना घेऊन मरणार. गाडी बाजूला घेतली. गणूला म्हणालो, डिझेल नीट येत नाही. उतरलो, बॉनेट उघडलं आणि त्याच्या आड डोकं घालून उभा राहिलो. थोड्या वेळाने सगळं ओसरलं.

डॉक्टरकडे गेलो. त्यांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. हृदय उत्तम आहे म्हणाले. मास्तर, कोणाला सांगू नका, पण ते ऐकून मला वाईट वाटलं. हृदयाचं काही निघालं असतं तर बरं झालं असतं. आजारी माणसाला कोणी हसत नाही.

कमळाकरची बायको चंद्रावती घरी आली होती. भांडायला नाही. सोबत सुक्या बोंबलांची पिशवी आणली होती. रूपाला म्हणाली, "भावजींचा शब्द साहेब ऐकतील. आमचा मानूस कामात कदी चुकला नाय, येवढंच सांगा म्हनावं." त्यांची जमीन सरकारी प्रकल्पात गेली, आता हीच नोकरी. मी आतल्या खोलीत होतो. झोपलेत म्हणून सांग, असं रूपाला खुणावलं. ते बोंबील मला खाववले नाहीत.

सुदाम


सावर्डे,
३० मार्च १९८९

चि. सुदाम,

तुझी दोन्ही पत्रं समोर ठेवून परत वाचली. गेलेल्या ब्रेकबद्दल तू एका ओळीत लिहिलं आहेस. पॅडल कसं लागलं, कुठवर गेलं, आवाज काय आला, काही नाही. ज्या ड्रायव्हरचे ब्रेक खरंच जातात तो पुढे जन्मभर त्या पॅडलबद्दल बोलतो. तू पानभर लिहिलंस ते हातांबद्दल आणि छातीबद्दल.

म्हणून सरळ विचारतो. ब्रेक लागत होते ना?

मी रागावणार नाही. पण उत्तर लिहीपर्यंत माणसं घेऊन गाडीवर बसू नकोस. रजा टाक. हे मी तुझा मास्तर म्हणून सांगतो आहे.

विश्राम खेडेकर


नवीन पनवेल,
२९ एप्रिल १९८९

मास्तर,

रजेवर आहे. पत्र लिहायला बसायचो आणि उठायचो. आज रूपा माहेरी गेली आहे म्हणून लिहितो.

ब्रेक लागत होते.

त्या दिवशी वळणावर गाडी नीट उतरत होती. काही झालं नव्हतं. समोर ट्रकही नव्हता. अचानक घशाला कोरड पडली आणि वाटलं, आपले पाय आपले नाहीत. दरीकडे बघू नये म्हणून डोंगराकडे बघितलं, तर डोंगरच अंगावर आला. मी ब्रेक दाबला. गाडी शहाण्यासारखी थांबली. हँडब्रेक ओढला आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसलो, सोडता येईना. गणू पुढे आला, काय झालं म्हणाला. तोंडातून निघालं, "ब्रेक नाहीत."

एवढंच, मास्तर. मी ठरवून बोललो नाही. पण मागून बाई किंचाळली, लोक उतरायला लागले आणि मग त्या म्हातारीने हात धरले. तिच्या हातात माझे हात थरथरत होते. तिला वाटलं, एवढ्या संकटातून गाडी सावरली म्हणून थरथरतात. तेव्हा खरं सांगायला हवं होतं. मी मान खाली घातली.

लायनर झिजलेले निघाले तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. हेही लिहून टाकतो. तेवढी झीज कुठल्याही गाडीत निघते, हे मला ठाऊक होतं.

मी भित्रा आहे. माझा बाप खाडीत होडी घालायचा, वाऱ्यात, अंधारात, त्याला कधी असं झालं नाही. मी चार चाकांवर पक्क्या रस्त्याने जाताना मरणाला भितो. रूपाला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. हे पत्र वाचून फाडा.

सुदाम


सावर्डे,
८ मे १९८९

चि. सुदाम,

तू दोन गोष्टी एकत्र गुंडाळून छातीवर घेतल्या आहेस. आधी त्या वेगळ्या कर. घाटात तुला भीती वाटली, हा तुझा गुन्हा नाही. कमळाकर घरी बसला आहे, तो गुन्हा मात्र तुझा आहे. पहिल्या गोष्टीची लाज वाटायचं कारण नाही. दुसरीची वाटतेय ते योग्य आहे, ती वाटू दे.

मागच्या वेळी मी लिहिलं होतं, घाबरायचं नसतं. ते वाक्य मी परत घेतो. घाबरू नको म्हणून कोणाची भीती गेल्याचं माझ्या पाहण्यात नाही. मी इतक्या पोरांना घाटात नेलं, पहिल्या वळणाला सगळ्यांचेच हात ओले व्हायचे. जे हात पुसून म्हणायचे, मास्तर, फाटलीय, ते शिकले. जे शिटी वाजवायचे त्यांच्याकडे मला जास्त लक्ष ठेवावं लागायचं.

आमच्या इथल्या डॉक्टरांना, तुझं नाव न सांगता, विचारून आलो. ते म्हणाले, हे बऱ्याच जणांना होतं, बाप्यांना, बायांना, शूर माणसांनाही. संकट नसताना शरीर संकटाची घंटा वाजवतं. मी माझ्या भाषेत असं समजलो, की गाडी उभी आहे आणि इंजिन मात्र आपोआप रेस झालं आहे. आवाज भयंकर, पण काही मोडलेलं नाही. तो जोर चढतो आणि आपला आपण उतरतो. आपण त्याच्याशी झगडलो, तो लोकांपासून लपवत राहिलो, तर तो उतरायला वेळ लागतो. तू बॉनेटआड उभा होतास तेव्हा तुला दोन कामं होती, एक घाबरण्याचं आणि एक न घाबरल्यासारखं दिसण्याचं. दुसऱ्यानेच जास्त दमलास.

आता काय करायचं ते. गाडी चालवताना समोर दिसेल ते मी तुम्हाला मोठ्याने बोलायला लावायचो, आठवतं? बैलगाडी, शाळा, पुढे ओढ्यावर साकव. तेच आता अंगाचं कर. धडधड सुरू झाली की बोल, "छाती धडधडतेय. हात ओले झाले. पायाला मुंग्या आल्या." घालवायला बघू नकोस. आलीस का, बस, असं म्हण आणि तिला तिच्या वेळाने जाऊ दे. घरी कर, बाजारात कर. मग एक दिवस तिकीट काढून, प्रवासी म्हणून, घाटातून जा.

गाडीवर बसायचं की नाही हे त्यानंतर, आणि ते डॉक्टर आणि साहेब ठरवतील, तू किंवा मी नाही.

आणि साहेबांकडे जा. भीती जाईल, मग जाईन, असं ठरवू नकोस. ती तुझ्याबरोबर केबिनमध्ये येणारच. तिला घेऊनच जा.

पत्र फाडलेलं नाही. त्यात फाडण्यासारखं काही नव्हतं.

विश्राम खेडेकर


नवीन पनवेल,
११ जुलै १९८९

खेडेकर मास्तर यांना रूपा सुदाम घरत हिचा नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमची पत्रं मी आता वाचली, त्यांनीच वाचायला दिली.

ते मे अखेरीला साहेबांकडे गेले. काय बोलले ते मला संध्याकाळी सांगितलं. तुम्हाला आधी, साहेबांना नंतर आणि मग मला. आमच्या लग्नाला सात वर्षं झाली. मी ती शाल घेऊन गावभर फिरले होते, मास्तर. कमळाकरच्या दारावरूनही गेले होते.

कमळाकर कामावर परत आला. यांच्यावर चौकशी बसली. गाडीवरून काढून एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसवलंय. माईकवर, अमुक गाडी अमुक फलाटाला लागत आहे, असं दिवसभर बोलावं लागतं. सगळ्या तालुक्याला आवाज ओळखू येतो. गावची पोरं खिडकीपुढून जाताना "ब्रेक, ब्रेक" ओरडतात. माझे वडील म्हणाले, भित्रा जावई आहे हे आधी सांगितलं असतं तर दुसरं बघितलं असतं. मी बाजारातही मान खाली घालून जाते. तुम्ही लांब बसून लिहिलंत, सोसायचं आम्हाला.

रागाने लिहिलं. पण विचारायचंही आहे. त्यांना ते होतं तेव्हा मी पाणी देते, पंखा लावते, काही झालेलं नाही असं सारखं सांगते. त्यावर ते जास्तच घाबरे होतात. माझं काही चुकतं का?

रूपा


सावर्डे,
२० जुलै १९८९

सौ. रूपा हिला आशीर्वाद.

तुझा राग रास्त आहे. साहेबांकडे जा असं मी लिहिलं, आधी बायकोला सांग असं लिहायचं मला सुचलं नाही. चुकलो.

तुझं काही चुकत नाही, एवढंच की "काही झालेलं नाही" हे म्हणू नकोस. त्याला होत असतं. आपण नाही म्हटलं की तो एकटा पडतो. पाणी, पंखा राहू दे. शेजारी बस आणि विचार, आता काय होतंय? तो सांगेल, छाती, हात. तू ऐक. आजारपणातल्यासारखी धावपळ करू नकोस, भाजी निवडत ऐकलंस तरी चालेल. आणि तुला त्याचा राग आला असेल तर तोही त्याला सांग. घरात एकानेच खरं बोलून भागत नाही.

विश्राम खेडेकर


नवीन पनवेल,
१७ जानेवारी १९९०

मास्तर,

मधल्या काळात पोस्टकार्डांवर खुशाली कळवत होतो, आज सविस्तर लिहितो.

चौकशीचा निकाल लागला. एक पगारवाढ रोखली. सत्कार रद्द झाल्याचं पत्र नोटीस बोर्डावर लागलं, ते आठवडाभर होतं. शाल परत करायला गेलो तर साहेब म्हणाले, राहू दे. मी टेबलावर ठेवून आलो.

कमळाकरकडे गेलो होतो. रूपा बरोबर आली. त्याने बसा म्हटलं नाही. मी उंबऱ्याशी उभा राहून सगळं सांगितलं, भीतीचंसुद्धा. तो ऐकत होता. मग म्हणाला, "तू भ्यालास त्याचं मना काय नाय, सुदाम. पन मी घरी बसलो होतो तवा तू शाल घेत होतास." आम्ही परत आलो. तो अजून माझ्याशी बोलत नाही. डेपोत समोर आला की मी नमस्कार करतो, तो निघून जातो. हे असंच राहील असं वाटतं.

घाटातून जाऊन आलो. दोनदा. पहिल्या वेळी रूपा शेजारी होती. खोपोली सोडल्यावर सुरू झालं. मी हळू आवाजात सांगत गेलो, घसा, हात, आता पाय. ती प्रत्येकाला हं म्हणत होती. शेवटी तिला झोप लागली आणि मी एकटाच बोलत राहिलो. लोणावळ्यापर्यंत जोर उतरला होता. शर्ट पूर्ण भिजला होता. पण मेलो नाही. दुसऱ्या वेळी एकटा गेलो. तेव्हाही झालं, थोडं कमी. तुम्ही म्हणालात तसं, ती जात नाही, येऊन जाते.

डॉक्टरांनी लिहून दिलं, मग परत ड्रायव्हिंगची परीक्षा घेतली. या महिन्यापासून उरणची गाडी मिळाली आहे. घाट मागितला नाही. कदाचित कधीच मागणार नाही.

पहिल्या सकाळी गाडी सुरू करण्याआधी गणूला सांगितलं, मला मधेच घाबरायला होतं, वाटलं तर थांबेन, आणि थांबलो तर खरं कारण सांगेन. त्याने मान हलवली, पण त्याला माझ्याकडे बघवेना. त्यालाही माझ्यापायी खोटं पडावं लागलं होतं, सगळ्या डेपोत त्यानेच माझी कीर्ती सांगितली होती.

काल ते झालं. गव्हाण फाट्याच्या अलीकडे. वेग कमी केला, गाडी नीट कडेला घेतली, इंजिन बंद केलं. मागे वळून म्हणालो, "गाडी चांगली आहे. मला घाबरल्यासारखं होतंय. थोडं थांबतो, मग निघू."

असं गाडीभर लोकांना कधी सांगितलं नव्हतं, मास्तर. गाडीत माझ्या गावचे लोक होते, रूपाचा चुलता होता. एकाने विचारलं, दारू प्यायलाय का. दोघं उतरून रिक्षा बघायला लागले. मला वाटलं, आत्ता या सीटखाली जागा असती तर शिरलो असतो. पुढच्या सीटवर मासळीची पाटी घेतलेली एक बाई होती, भामा नावाची, ती म्हणाली, "दम खा रं बाबा. माजं मावरं काय पलून जात नाय." कोणीतरी हसलं. मी स्टिअरिंगवर हात ठेवून, ओठांतल्या ओठांत, हात, घसा, छाती, असं म्हणत बसलो. ओसरलं. निघालो. रिक्षा न मिळालेले दोघं परत चढले.

संध्याकाळी डेपोत उशिराचं कारण लिहावं लागतं. गणूने पेन काढलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, "पंक्चर लिहितो. कोण बघायला जातंय?" तो माझ्या भल्यासाठीच म्हणत होता. मला ते हवंही होतं. पंक्चर किती सोपं होतं. बाजूला दोन-तीन ड्रायव्हर उभे होते, वर्कशॉपच्या नळावर कमळाकर हात धूत होता.

मी म्हणालो, "ड्रायव्हर घाबरला म्हणून गाडी थांबवली, असं लिही."

"तब्येत बरी नव्हती लिहू?"

"घाबरला, लिही."

त्याने लिहिलं. मी खाली सही केली. सगळे बघत होते, कान तापले होते, सही वाकडी आली.

तुमचा,
सुदाम